मॉनिटर ऐकतो, त्याचे कान बुजवू नका

प्रति,
संगणकाचे मॉनिटर घडवणाऱ्या कंपन्यांतले अभियंते आणि उत्पादनाचे निर्णय घेणारे अधिकारी,
तसेच शाळा-महाविद्यालयांच्या खरेदीसाठी तांत्रिक निकष लिहिणारे सरकारी अधिकारी



मी एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा सांभाळते. लॅबमध्ये ३६ मॉनिटर आहेत, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या अनुदानांतून आलेले, त्यामुळे एकाच कंपनीचे नाहीत. गेल्या वर्षी प्रथम वर्षाला एक मुलगी आली. तिला जन्मजात अल्बिनिझम आहे. त्वचेत आणि डोळ्यांत रंगद्रव्य कमी असल्यामुळे नजर अधू, आणि उजेड अजिबात सोसत नाही. पहिल्या प्रात्यक्षिकाला ती ओढणी डोक्यावरून पुढे ओढून, त्या सावलीत, नाक टेकेल इतकी स्क्रीनजवळ जाऊन बसली होती. मला वाटले, डोके दुखत असेल. विचारले तर म्हणाली, "मॅडम, याचा उजेड कमी होतो का? मला बटण सापडत नाही."

बटण मलाही चटकन सापडले नाही. ते मागच्या बाजूला, उजव्या कडेच्या आत होते. बोटाच्या पेराएवढी एक कांडी. ती वर, खाली, डावीकडे, उजवीकडे ढकलायची आणि मधोमध दाबायची. दाबली की पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांची इंग्रजी यादी उघडते. त्या यादीत ब्राइटनेस शोधायचा, आत शिरायचे, आकडा खाली आणायचा, बाहेर पडायचे, आणि थोडे थांबले तर यादी आपोआप मिटते. पडद्याकडे बघवत नाही म्हणून जिला उजेड कमी करायचा आहे, तिने तो कमी करण्यासाठी त्याच पडद्यावरची सर्वांत बारीक अक्षरे वाचायची. स्क्रीन रीडरचाही इथे उपयोग नाही. ही यादी संगणक काढत नाही, मॉनिटरच्या आतली चिप स्वतः काढते. संगणकाला तिची गंधवार्ताही नसते, मग तो ती वाचून दाखवणार कसा?

आमच्या घरी कृष्णधवल टीव्ही होता तेव्हा आजी त्याच्याकडे न बघता हात लांब करून त्याचा कान पिळायची आणि उजेड हवा तेवढा करायची. मोतीबिंदू वाढल्यावरही तिला ते जमत असे, कारण खुंटी बोटांना कळायची. जुन्या जाड मॉनिटरलाही खालच्या कडेला दातेरी चाके असायची. पुढे मॉनिटर सपाट झाला, कडा कागदासारख्या बारीक झाल्या, आणि बटणे आधी खाली आणि मग पाठीमागे गेली. टेबलावर तो आता देखणा दिसतो, हे मी मान्य करते. पण हाताला जे कळत होते ते काढून घेतले आणि त्याच्या बदल्यात काहीच दिले नाही, असा राग माझ्या मनात बरेच दिवस होता.

तो राग पूर्ण बरोबर नव्हता. बदल्यात दिलेले आहे, आणि तेही जवळजवळ तीस वर्षांपूर्वी. फक्त ते आम्हाला कोणी सांगितले नाही, आणि दिलेले नीट सांभाळलेही नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

तुमच्यातल्या अभियंत्यांना पुढचे सगळे पाठ असेल. तरी मी ते लिहिते, कारण हे पत्र माझ्यासारखे लॅब सांभाळणारे इतर लोकही वाचतील. मॉनिटरची केबल फक्त चित्र नेत नाही. तिच्यात दोन बारीक तारा बोलण्यासाठी ठेवलेल्या असतात. जुन्या व्हीजीए जोडणीत त्या १२ आणि १५ नंबरच्या पिनांवर असतात, एचडीएमआयमध्ये १५ आणि १६ वर. डिस्प्लेपोर्टमध्ये हेच बोलणे ऑक्स नावाच्या वेगळ्या वाटेवरून जाते. या तारांवरची भाषा म्हणजे आय-टू-सी, फिलिप्सने १९८२ मध्ये काढलेली. व्हीसा ही पडद्यांची मानके ठरवणारी उद्योगसंस्था. तिने १९९४ मध्ये या तारांवरून मॉनिटरने आपली ओळख सांगण्याची पद्धत ठरवली. आपण केबल लावताच संगणकाला रिझोल्यूशन कळते ते यामुळेच. १९९८ मध्ये त्याच तारांवरून उलट दिशेने आज्ञा देण्याचीही सोय झाली. तिचे नाव डीडीसी/सीआय, आणि कोणत्या आज्ञेचा अर्थ काय हे सांगणाऱ्या कोशाचे नाव एमसीसीएस. त्या कोशात षोडशमान पद्धतीतला १० हा क्रमांक उजेडाचा, १२ कॉन्ट्रास्टचा, ६० कोणत्या पोर्टवरचे चित्र दाखवायचे त्याचा, ६२ आवाजाचा, डी६ मॉनिटर चालू-बंद करण्याचा.

म्हणजे मॉनिटरला कान आहेत.

हे कळेपर्यंत मी त्या मुलीसाठी जो उपाय केला तो चुकीचा होता, आणि ती चूक पुष्कळ ठिकाणी होत असणार म्हणून तिच्यावर जरा थांबते. संगणकात चित्र गडद करण्याची एक सोपी सोय असते. लिनक्सवर एक्सरँडरच्या एका ओळीने ते होते. रात्री पडदा पिवळसर करणाऱ्या सोयीही याच जातीच्या. मी ती ओळ चालवली, पडदा अंधारला, मला वाटले काम झाले. दोन दिवसांनी ती म्हणाली, "मॅडम, अक्षरे पुसट झाली आणि काळ्यातून उजेड येतोच आहे." तिचे निरीक्षण माझ्यापेक्षा अचूक होते. एलसीडीच्या पाठीमागे दिवा असतो, आणि ती ओळ त्या दिव्याला हातही लावत नाही. दिवा पूर्ण जोरात जळत राहतो, आपण फक्त त्याच्यापुढचा काचेचा पडदा अधिक मिटतो. पांढरे राखाडी होते, पण काळ्यातून झिरपणारा उजेड तसाच राहतो. काळे-पांढरे यांतले अंतर घटते, आणि अल्पदृष्टीच्या माणसाची सारी भिस्त त्या अंतरावर असते. विजेचीही बचत होत नाही. दिवाच मंद करायचा असेल तर मॉनिटरलाच सांगावे लागते.

आमच्या लॅबमध्ये उबुंटू आहे. त्यावर डीडीसीयुटिल नावाचे मुक्त साधन मिळते. 'डीडीसीयुटिल डिटेक्ट' म्हटले की जोडलेला मॉनिटर कोण ते कळते. 'गेटव्हीसीपी १०' म्हटले की आताचा उजेड आणि जास्तीत जास्त किती जाऊ शकतो हे दोन आकडे येतात. 'सेटव्हीसीपी १० १५' म्हटले की उजेड १५ वर येतो. पहिल्यांदा ती ओळ टंकून एंटर दाबले तेव्हा मॉनिटरला कोणी हात न लावता पाठीमागचा दिवा मंद झाला. काळे खरोखर काळे झाले. ती शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिने डोक्यावरची ओढणी मागे घेतली.

त्यानंतरच्या महिन्यात मी जी स्क्रिप्ट लिहिली ती सत्तरेक ओळींची आहे. ती मुलगी कोणत्याही टेबलावर बसून स्वतःच्या नावाने लॉगइन झाली की त्या मॉनिटरचा उजेड तिच्या आकड्यावर येतो, उठून गेली की पूर्वीच्या जागी जातो. पुढच्या मुलाला काही बदललेले कळतसुद्धा नाही. कीबोर्डवरच्या दोन कळांनी उजेड पाचपाचने वर-खाली होतो, आणि प्रत्येक वेळी ई-स्पीक हे मजकूर बोलून दाखवणारे साधन मराठीत आकडा बोलते: "वीस", "पंधरा". स्नायूंच्या आजारामुळे ज्याला बोटांची चिमूट करता येत नाही असा एक विद्यार्थी आमच्याकडे आहे, तोही आता याच कळा वापरतो. मागची ती कांडी त्याला कधीच दाबता आली नसती. लॅबची खिडकी पश्चिमेला आहे, तेव्हा दुपारी चारनंतर खिडकीकडची रांग आपोआप उजळते आणि सकाळच्या तासाला मंद राहते. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी डी६ ची एक आज्ञा सगळे पडदे बंद करते.

इथपर्यंत सगळे गोड आहे. आता कडू भाग, आणि तो तुमच्याकडचा आहे.

निम्म्याहून अधिक मॉनिटरांनी नीट ऐकले. उरलेल्यांपैकी काहींत ही सोय मेनूच्या चौथ्या पायरीवर बंद करून ठेवलेली होती. ती चालू करण्यासाठी प्रत्येकाच्या पाठीमागे हात घालून तीच कांडी ढकलत बसावे लागले. म्हणजे ज्याला बटण वापरता येत नाही त्याने बटणाविना चालणारी सोय बटणाने चालू करायची. काही मॉनिटर उजेडाची आज्ञा घेतात, "ठीक" म्हणून परत कळवतात आणि काहीच करत नाहीत. बऱ्याच शोधानंतर कळले की त्यांच्यात वीज वाचवणारा किंवा कॉन्ट्रास्ट आपोआप बदलणारा मोड चालू असला की उजेड गोठवला जातो. गोठवायचा तर गोठवा, पण मग "हे आता बदलता येणार नाही" असे उत्तर द्या. खोटा होकार हा मौनापेक्षा वाईट असतो, कारण त्यावर विसंबून पुढचे काम होते.

मॉनिटरला "तुला काय काय येते?" असे विचारले की तो क्षमतांची एक ओळ पाठवतो. आमच्याकडच्या एका मॉडेलच्या ओळीत दोन डिस्प्लेपोर्ट आहेत. प्रत्यक्षात त्याला एकही नाही. उघडच ती ओळ दुसऱ्या कोणत्या तरी मॉडेलवरून जशीच्या तशी उचलली आहे. आणखी एका मॉडेलमध्ये पडदा बंद करणारी आज्ञा चालते, पण उठवणारी चालत नाही. सकाळी ते मॉनिटर हातानेच चालू करावे लागतात. एकदा लाइट जाऊन आली की काही मॉनिटर सगळे विसरून पूर्ण उजेडाने पेटतात, आणि आमच्या भागात लाइट किती वेळा जाते हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या वेळी माझी विद्यार्थिनी समोर बसलेली असेल तर ती दोन्ही हातांनी डोळे झाकते. स्क्रिप्ट दर मिनिटाला तपासते म्हणून ते मिनिटभरात सावरते. पण ते मिनिट तिचे असते.

एक बारीक गोष्ट, जी तुमच्यापैकी मोजक्यांनाच ठाऊक असेल पण आम्हाला कळणे फार गरजेचे आहे. काही मॉनिटर प्रत्येक बदल आपल्या कायमच्या मेमरीत लिहितात, आणि अशा मेमरीवर किती वेळा लिहिता येते याला मर्यादा असते. दिवसातून शंभरदा उजेड बदलणारी स्क्रिप्ट काही वर्षांत त्या चिपचे आयुष्य संपवील का? माहितीपुस्तिकेत एक अक्षर नाही. कस्टमर केअरला फोन केला तर समोरच्या मुलाला डीडीसी हा शब्दच नवा होता. त्याचा काय दोष? त्याला दिलेल्या कागदावर तो नव्हता. म्हणून माझी स्क्रिप्ट आधी आकडा वाचते, वेगळा असेल तरच लिहिते, आणि दोन आज्ञांमध्ये मानकाने सांगितलेल्या ५० मिलिसेकंदांहून बरीच जास्त थांबते. अंधारात चाचपडत चालावे तशी ती चालते.

तुम्ही म्हणाल, आमचे स्वतःचे सॉफ्टवेअर आहे की. आहे, पण ते बहुतेक वेळा विंडोजपुरते असते, फक्त तुमच्याच मॉडेलांशी बोलते, आणि मी जे पाहिले त्यातल्या सरकपट्ट्या स्क्रीन रीडरला वाचता येत नव्हत्या. पाच कंपन्यांसाठी पाच खिडक्या उघडणारी लॅब कोण चालवील? मानक सर्वांचे होते ते यासाठीच. कोणी म्हणेल, बाहेरून आज्ञा देऊ दिल्या तर पोरे काहीतरी बिघडवतील. फॅक्टरी रीसेटसारख्या आज्ञा हव्या तर बंद ठेवा, त्याला माझी ना नाही. उजेड कमी-जास्त करणे हा बिघाड नव्हे. लिनक्सवरही या तारांना हात लावायला आधी परवानगी द्यावी लागते, कारण त्याच प्रकारच्या वाटेवर संगणकाचे इतर नाजूक भागही बसलेले असतात. ती काळजी रास्त आहे. आमच्याकडे ती परवानगी फक्त मी देते.

ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांनाही दोन शब्द. विंडोजमध्ये मॉनिटरशी असे बोलण्याची प्रोग्रामरांसाठीची सोय व्हिस्टापासून आहे. तरी कार्यालयातल्या डेस्कटॉपवर काम करणाऱ्या आमच्या क्लार्कला लॅपटॉपसारखी उजेडाची पट्टी मिळत नाही, तिला बाहेरून एखादे मोफत साधन उतरवून घ्यावे लागते. केडीई प्लाझ्मा या मुक्त डेस्कटॉपने डीडीसीयुटिलचीच लायब्ररी वापरून बाहेरच्या मॉनिटरची उजेडाची पट्टी डेस्कटॉपवरच आणून ठेवली. त्यात स्वयंसेवकांचा मोठा वाटा आहे. त्यांना जमते ते तुम्हाला न जमण्याचे कारण नाही.

आता सरकारी खरेदीचे निकष लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांना. आमची शेवटची खेप ज्या यादीवरून आली ती माझ्याजवळ आहे. तीत इंच आहेत, रिझोल्यूशन आहे, पोर्ट आहेत, वॉरंटी आहे, भिंतीवर टांगण्याची भोके आहेत. मॉनिटरने आज्ञा ऐकाव्यात, ही ओळ नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या ४२व्या कलमात म्हटले आहे की रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा रचनेत उपलब्ध होतील यासाठी शासनाने उपाय करावेत. भारतीय मानक ब्यूरोने माहिती-तंत्रज्ञानाच्या वस्तू आणि सेवा सुगम असाव्यात यासाठी आयएस १७८०२ हे मानक दोन भागांत आणले, पहिला २०२१ मध्ये, दुसरा २०२२ मध्ये. कायदा आहे, मानक आहे. पण निविदेच्या तक्त्यात त्यांचा एक रकाना नसेल तर पुरवठादार ते कशाला बघेल? तो स्वस्तातला मॉनिटर देणार, आणि आम्ही तो घेणार, कारण सर्वांत कमी दराला नाही म्हणायला आमच्या हाती कागद नसतो.

या एका ओळीने खरेदी महाग होत नाही. तारा केबलमध्ये आहेतच, आज्ञा समजणारी चिपही बहुतेक मॉनिटरांत आहे. लागते ते फर्मवेअर नीट लिहिणे आणि कारखान्यातून निघण्याआधी एकदा तपासणे. तपासणी आम्हीसुद्धा करू शकतो. नवा मॉनिटर खोक्यातून काढून जोडला की माझी स्क्रिप्ट दोन मिनिटांत सांगते की तो ऐकतो की नाही, खरे बोलतो की नाही. खरेदी समितीला ती हवी असेल तर मी देईन. इतर महाविद्यालयांतल्या लॅब असिस्टंटांनाही देईन, त्यात लपवण्यासारखे काही नाही.

कंपन्यांकडे माझे मागणे असे. ही सोय कारखान्यातूनच चालू ठेवून द्या. आज्ञा पाळली नसेल तर पाळली असे सांगू नका. क्षमतांची ओळ त्या त्या मॉडेलची खरी असू द्या. लाइट गेल्यावर आधीचा उजेड लक्षात राहू द्या. आणि माहितीपुस्तिकेत एक पान द्या, मराठीत दिलेत तर उत्तमच: कोणते कोड चालतात, त्यांचे आकडे कुठून कुठपर्यंत जातात, बदल कायमच्या मेमरीत लिहिला जातो का. आणि जमले तर ते पाठीमागचे बटण पुन्हा बोटाला कळेल असे करा. स्क्रिप्ट आल्यामुळे बटणाची गरज संपली असे मी म्हणत नाही. ज्याच्या संगणकावर माझी स्क्रिप्ट नाही, त्याला आजही बटणच आहे.

जूनमध्ये आमच्याकडे नव्या १२ मॉनिटरांची खरेदी आहे. त्या यादीसाठी मी पुढील मजकूर समितीकडे दिला आहे, तो तुम्हालाही कळवते: "मॉनिटरने डीडीसी/सीआय मानक पाळावे. ते पुरवठ्याच्या वेळी चालू असावे. कोड १०, १२, ६० आणि डी६ सॉफ्टवेअरमधून वाचता व लिहिता यावेत. वीजपुरवठा खंडित होऊन परत आल्यावर शेवटचा उजेड कायम राहावा. पुरवठादाराने याचे प्रात्यक्षिक उबुंटूवर दाखवावे." समितीचे म्हणणे असे की वरून आलेल्या नमुन्यात ही अट नाही, तेव्हा ती घालता येईल का हे विचारून घ्यावे लागेल.

मी विचारते आहे. उत्तर मेअखेरपर्यंत मिळाले तर त्या खेपेला उपयोगी पडेल. ती मुलगी तेव्हा दुसऱ्या वर्षाला येईल.

कळावे,
एका महाविद्यालयातील संगणक प्रयोगशाळा सांभाळणारी